चक्कीवरच्या कुत्र्याले भाकर बंद

६ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणे, रोजचं रोज लिहून ठेवा, म्हून ही वही. चौथी झाल्यापासून दळणाच्या डब्यावर नावं टाकण्याबिगर काई लिहिलं नाई. हात दुखते.

मंगळ्याले, आमच्या कुत्र्याले, आज हिंगणघाटले नेलतं, ऑटोत. वर्ष झालं खाजवून राह्यला. पोट, काखा, कानामागं सारं उघडं पडलं. सुई मारली की दहाबारा दिवस गप, मंग जसंच्या तसं. आजच्या बाईनं कातडं खरडून काचेवर घेतलं अन् दुर्बिणीत पाह्यलं. खरूज नाई, गोचीड नाई. म्हणे खाण्याची ॲलर्जी असू शकते. गहू, ज्वारी, तांदूळ, मका, सारं बंद. आठ हप्ते. एक कण पोटात गेला नाई पाह्यजे.

मी म्हणलं, मंग खाईन काय, माती? म्हणे बिनदाण्याचं कोरडं खाणं पाकिटात भेटते, ते द्या. काय खाल्लं, किती खाजवलं, ते लिहा. दोन महिन्यानं वही घेऊन या. बिघडलं त आधी या.

पोट्टी माह्या वैशूएवढी असन. पण हात न भेता घातला मंगळ्याच्या तोंडात.

घरी येऊन याईले, वैशूच्या बाबाले, सांगतलं. हे म्हणाले, चाल. लकवा झाला तवापासून तेवढाच एक शब्द राह्यला याईच्या तोंडात. पाणी पाह्यजे, चाल. राग आला, चाल. दोन वर्षं झाले.


७ नोव्हेंबर

मं. ले सकाळी काई दिलं नाई. दुपारी दोन अंडे उकडून. खाज लय.

आता पाहा. गावात चक्की आमची, आजूबाजूच्या चार खेड्याचं दळण आमच्याकडे, अन् आमच्याच कुत्र्याले भाकर बंद. शेजारच्या शकुनले सांगतलं त ती पोट धरून हासली.

याईचं कठीण आहे. याईची खाट चक्कीच्या दारातच असते. पंधरा वर्षं चक्की याईनंच चालवली, मी आता आता शिकली. आत घरात नेलं त ऐकत नाई. दगड रिकामा फिरला की डाव्या हातानं खाटेवर थाप मारते, मंग मी दाणा टाकते. कानानंच चक्की चालवते माणूस. अन् मं. खाटेखाली. सकाळी तोच याईले नाल्यालोक फिरवून आणते. काठी एका हातात, मं. दुसऱ्या बाजूनं चिकटून. माह्यासंग चाल म्हणलं त दहा पावलं चालत नाई.

जेवल्यावर ताटातला शेवटचा घास कुत्र्याचा. याईच्या घरची रीत. लकव्यातही मोडली नाई. आज पोळीचा तुकडा तोडून खाली केला, मी हात धरला. सांगतलं, डॉक्टरनं बंद केलं, त्याले बाधते. पाहात राह्यले माह्याकडे.

समजलं का नाई, काय माहीत.


१० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर लाईन नाई म्हणाले, म्हून वर्धेले गेली. कुत्र्याच्या खाण्याचं दुकान. भिंतभर पिशव्या. लोकाईच्या घरी एवढा किराणा नसते.

दुकानवाला म्हणे, जात कोणती? मी म्हणलं, आमच्या अल्लीपूरची.

तो हासला. म्हणे तसं नाई मावशी, लॅब आहे का, जर्मन आहे का. मी म्हणलं बाबू, चार पाय आहे, शेपूट आहे, खाजवते. बिनदाण्याचं दे. त्यानं एक बाहेरदेशची पिशवी दाखवली. तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येते, वर तेलाचा डबा. म्हणलं याच्या खालचं दाखव. मंग एक काढली, वर हिरवं पान, कुत्र्याचे केस असे चमकून राह्यले का लग्नाले चालला. म्हणे कातड्यासाठी खास हेच, सारे हेच नेते. घेतली.

डोक्यावर घेऊन आली एस.टी. त. कंडक्टर म्हणे, काकू, काय कोंबड्याचं का?


११ नोव्हेंबर

मं. नं फस्त केलं, ताटली चाटली. उंदराचं भ्या म्हून पिशवी फोडून सारं कणकेच्या रिकाम्या डब्यात ओतलं. झाकण घट्ट आहे त्याचं.

संध्याकाळी वैशूले नागपूरले पिशवीचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "आई, समोरचं काऊन वाचतं? मागचं वाच." मी म्हणलं मले इंग्रजी समोरचंही येत नाई. तिनं वाचून दाखवलं. पहिलंच नाव मका. मंग तांदळाची कणी. मंग कोंबडीचं काईतरी. समोर मोठ्या अक्षरात लिहिलं ते 'नाजूक कातड्यासाठी'. दाण्याचं समोर नावच नाई कुठं, ना आहे म्हून ना नाई म्हून.

दुकानात फोन केला. फोडलेली पिशवी वापस होत नाई म्हणे. मंग मी त्याले जे बोलली ते इथं लिहीत नाई, ही वही बाईले दाखवायची आहे.

शकुनच्या कोंबड्याईले दिलं सारं. कोंबड्या मात्र चमकून राह्यल्या.


१२ नोव्हेंबर

मं. रताळं, अंडं. खाज लय. रक्त काढलं कानामागं.

डॉक्टरीणबाईले फोन लावला, कसं निवडू सांगा. म्हणे पहिले पाच नावं पाहा. पहिलं मांस नाईतर मासोळी पाह्यजे. बटाटा, रताळं, वाटाणा, चणा चालते. महाग म्हणजे चांगलं असं नाई. अन् दाणा नाई म्हणजे भारी असंही नाई मावशी, काई कुत्र्याईच्या काळजाले असलं खाणं जास्त दिवस बरं नाई म्हणते. आपल्याले फक्त दोष कशाचा ते शोधायचं आहे.

चण्याले दाणा म्हणत नाई म्हणे. आम्ही बेसन दळतो ते मंग काय लाकडाचं.


१५ नोव्हेंबर, शनिवार

वैशूनं नागपूरवरून ट्रॅव्हल्सवाल्याजवळ पिशवी पाठवली. तीन दुकानं पालथे घातले म्हणे, तीन डझन फोटो काढले. मासोळी पहिली, मंग रताळं, मंग वाटाणा. गहू नाई, मका नाई, तांदूळ नाई, दोनदा वाचलं. मधल्या किमतीची आहे. तरी लहान पोतडी महिनाभरही पुरत नाई. तिचं भाडं, तिचा डबा, अन् त्यात हे. नोको म्हणलं त म्हणे, "बाबा चालते त त्याच्यामुळंच ना."

हे पटलं. म्हून जास्त राग आला.

डब्यात ओतलं. वास असा का तळं आटलं. मं. नं हुंगलं अन् तोंड फिरवलं.


१६ नोव्हेंबर

मं. नं खाल्लं नाई.


१७ नोव्हेंबर

खाल्लं नाई. ताटलीसमोर बसून मले पाहाते. मीही पाहाते. त्याले वाटते मी थकन. मी तुह्यासारखे सतरा पाह्यले.

हेही आज अर्ध्यात उठले ताटावरून.


१८ नोव्हेंबर

कोमट पाणी टाकून भिजवलं. खाल्लं! शहाणा. खाज मध्यम.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गावाची डीपी जळली, सारी लाईन गेली. चक्की बंद. लोकं डबे ठेवून चालले, ठेवून चालले. माह्या दारात मतदानाची रांग वाटते, माणसाबिगर.


२४ नोव्हेंबर

डीपी नाई. मं. खाज कमी. दोपारभर झोपला, एकदाही उठून खाजवलं नाई. कानामागं खपली धरली.


२६ नोव्हेंबर, बुधवार

खाज नाईच. लिहून ठेवते, नाई. काखेतली लाली उतरली. वैशूले फोनवर दाखवलं त रडली पोट्टी. बिनदाण्याचं लागू पडलं. एवढी मरमर कामी आली.

हे अन् मं. नाल्याच्या पुढं मारुतीलोक गेले. मारुतीलोक! शकुन सांगत आली. मी दारात उभी राहून वाट पाह्यली. येताना हे हासून राह्यले, अर्ध्या तोंडानं.

डीपी अजून नाई. लोकं बस-स्टँडवरच्या चक्कीत गेले असन, तिकडची लाईन वेगळी. जाऊ द्या.


२८ नोव्हेंबर

लाईन आली. देवा. सकाळी सातपासून रात पडेलोक दळलं, सात दिवसाचं तुंबलेलं. ज्वारी, गहू, मंग डाळ, मंग परत गहू. पापण्या पांढऱ्या झाल्या. याईनं खाटेवर थापा मारून मारून हात लाल केला. खुशीत होते. मं. खाटेखाली.


१ डिसेंबर

मं. खाज मध्यम. जास्त खाल्लं असन.


३ डिसेंबर

खाज लय. कानामागची खपली काढली.

का? काई बदललं नाई. तेच खाणं, तोच डबा, तीच ताटली. मी सोडून कोणी देत नाई.


५ डिसेंबर, शुक्रवार

सुमनबाई दळण घेऊन आली, दर शुक्रवारी येते. मं. तिच्या डब्याजवळ उभा राहून खाजवत होता, केस उडून राह्यले. ती म्हणे, "वहिनी, वाईट नोको वाटून घेऊ, पण याची खपली आमच्या पिठात पडन. माही सून गरवार आहे." मी म्हणलं तुही सून पीठ कच्चं खाते काय. चुकलं माहं. पण बोलून गेली.

तिनं डबा उचलला. न दळता.


७ डिसेंबर

आज दोन घरचे डबे कमी.

कोण देऊन राह्यलं याले? शकुनची नात येते खेळाले, तिले विचारलं. नाई म्हणते, आईची शप्पथ. मंग उरलं कोण.


८ डिसेंबर, सोमवार

सापडलं. धुवाले बंडी काढली याईची, खिशात पोळीचा तुकडा.

मी लय बोलली. चक्की बंद करून बोलली, ऐकू गेलं पाह्यजे म्हून. म्हणलं पोट्टी तिकडं उपाशी राहून पिशव्या पाठवते अन् तुमी इथं चोरून पोळी चारता. गिऱ्हाईक चाललं. तुमचा लाड त्याच्या कातड्यावर निघून राह्यला. तुमाले समजत नाई का समजून घ्यायचं नाई?

हे म्हणाले, चाल. चाल, चाल, चाल. डावा हात हालवत. मी म्हणलं चाल काय चाल.

उद्यापासून मी भरवणार.


९ डिसेंबर

सकाळ संध्याकाळ मी भरवलं, समोर बसून. ताट माह्या मांडीवर. पहिले तोंड उघडलं नाई. मंग उघडलं.

मं. मासोळीचं, दोनदा. खाज लय.


११ डिसेंबर

भरवलं. शेवटचा घास मीच तोंडात घातला याईच्या. गिळला नाई, गालात धरून बसले पाच मिन्टं. मी बोट घालून काढला. लेकराचा काढते तसा.

हे मले लिहायचं नव्हतं.


१४ डिसेंबर

मं. खाज लय. म्हणजे अजून कुठून तरी चारून राह्यले. कसं? मी खिसे पाहाते, उशी पाहाते.

नाल्यालोक जाणं बंद झालं याईचं. मं. काठी तोंडात धरून येते, हे भिताडाकडे तोंड करते.

पिशवी संपत आली. वैशूले सांगतलं नाई.


१८ डिसेंबर, गुरुवार

आज गादी उन्हात टाकाले उचलली. खाली, भिताडाच्या बाजूनं, पेपरात, तुकडे. पोळीचे, भाकरीचे. वाळून खापरासारखे झालेले. एकावर एक रचून ठेवलेले, डाव्या हातानं जमन तसे. काईले मुंग्या.

मोजले नाई. गरज नव्हती. नोव्हेंबरपासूनचे असन सारे, मी हात धरला त्या दिवसापासूनचे.

म्हणजे एकही दिला नाई. रीत मोडली नाई अन् मले मोडलं नाई. त्याचा घास त्याच्यासाठी काढून ठेवून राह्यले, कवा चालन तवा द्याले. खिशातलाही गादीखाली जाणारा होता.

अन् मी माणसाच्या तोंडात बोट घातलं.

गादी परत तशीच टाकली. याईच्या समोर खाली बसली.

ताट याईच्या हातात दिलं. शेवटचा तुकडा याईनं तोडला, माह्याकडे पाह्यलं, अन् माह्यासमोर पेपरात ठेवला.


१९ डिसेंबर

मंग खाज कशाची? दाणा गेलाच नाई त खाज कशाची?

म्हणजे खाण्याचं नसनच. का मासोळीचंच बाधते? का वाटाण्याचं? कोणाले विचारू. पिशवीवर सारं लिहिलं आहे, हेच नाई.


२२ डिसेंबर, सोमवार

मं. ले घेऊन हिंगणघाटले. वही नेली. वाटलं होतं मधले दोन पानं फाडू, पण मागचे पानं निघून येते, राहू दिलं.

बाईनं वही टेबलावर उघडली. शिवणीतून पांढरं सांडलं, टेबलाच्या काळ्या काचेवर. तिनं बोटानं टिपलं, चोळलं. "मावशी, हे काय आहे?"

मी म्हणलं, पीठ.

"वहीत?"

मी म्हणलं, चक्कीवर असते ना वही. आमची आटाचक्की आहे.

तिनं मं. च्या पाठीवर उलटा हात फिरवला. हाताकडे पाह्यलं. मंग माह्या कपाळाकडे पाह्यलं. मी तोंड धुवून गेलती, पण केसाच्या मुळात राहातेच. पान पान वाचलं तिनं मंग, जे वाचाले नोको तेही. डीपी जळल्याच्या पानावर थांबली. पुढचं पान पाह्यलं, मागचं पाह्यलं. म्हणे, "चक्की बंद होती तेव्हाच खाज थांबली. लाईन आली, खाज आली. तुम्हीच लिहिलंय."

मीच लिहिलं. दोनदा वाचलं असतं त मलेही दिसलं असतं.

म्हणे पिठाच्या धुळीची असू शकते. पिठात डोळ्याले न दिसणारे किडे होते, त्याचीही असू शकते. खाण्याची नाई असं आत्ता सांगता येत नाई. खाणं कशात ठेवता? मी म्हणलं कणकेच्या डब्यात. तिनं डोळे मिटले एक घडी.

तिनं कवा विचारलं नाई, मी कवा सांगतलं नाई. सांग्यासारखं काय होतं त्यात. विहिरीजवळ राहणारा सांगते का, माह्या घरी ओल आहे म्हून.

मं. ले चक्कीपासून दूर ठेवा म्हणे. पूर्ण. खाणं तेच, पण पिशवीतच, बांधून. महिनाभर. मंग पाहू, मंग एक एक दाणा देऊन पाहू.

मी म्हणलं दूर म्हणजे कुठं. घर म्हणजे चक्कीच आहे, मागं गोठा.

म्हणे गोठा चालन.


२३ डिसेंबर

गोठा झाडला. बैल विकले तवापासून रिकामाच. मं. ले बांधलं तिथं, नवं पोतं, दाण्याचं नाई, खताचंही नाई. डबा भंगारात.

रडून राह्यला. चक्कीच्या आवाजातही ऐकू येते.


२४ डिसेंबर

हे खाटेखाली हात घालून चाचपते.

दगड रिकामा फिरला, थाप नाई. मीच पाह्यलं तवा समजलं. दगडाचा जळका वास येऊन राह्यला होता.


२६ डिसेंबर, शुक्रवार

दोपारी दळत होती. पाह्यलं त खाट रिकामी. काठी नाई. बोळीतून गोठ्यालोक गेले, एकटे, भिताड धरून. उंबरठ्यावर पडले. मी पोचली त मं. साखळी ताणून याईच्या मनगटाले चाटून राह्यला. गुडघा फुटला. उठवाले गेली त मले म्हणाले, चाल. उठले नाई. तिथंच बसून राह्यले.

शकुनचा मालक अन् मी, दोघाईनं खाट गोठ्यात नेली.


२७ डिसेंबर

पुढं मी अन् चक्की. मागं हे अन् मं. मधात बोळ.

माह्या अंगावर पीठ. जवळ जायचं त आंग धुवून, केस धुवून, लुगडं बदलून. या थंडीत तीनदा. ताट द्याले, गोळी द्याले, उठवाले. आज चौथ्यांदा धुवाचा कंटाळा आला, बोळीतूनच ताट सरकवलं काठीनं. कोणी पाह्यलं असतं त काय म्हणलं असतं.

मं. मले पाहून उड्या मारते. मी म्हणते थांब. थांबते. शेपूट थांबत नाई.


४ जानेवारी, रविवार

वैशू आलती. म्हणे चक्की भाड्यानं दे, बाबाले अन् मंगळ्याले घेऊन नागपूरले ये. दोन खोल्यात. मी म्हणलं बाबाले तिथं कोणता नाला आहे. म्हणे आई, तुह्या हातात चक्की कधी नव्हती, मंग आता सोडवत काऊन नाई?

उत्तर होतं माह्याजवळ. दगड मीच बसवते आता, छिन्नीनं त्याले टाकीही मीच लावते. पण तिले वाटलं असतं आई हट्टाची आहे.

नवीन पिशवी आणली तिनं. दुसरीच, थोडी कमी भावाची, पहिले पाच नावं तेच. तीन डझन फोटोतून निवडली म्हणे. काई म्हणा, निवडता येते पोट्टीले.


११ जानेवारी

मं. खाज कमी. दिवसातून दोनतीनदा.

हे नाल्यालोक जाते परत. पण गोठ्यातून गेले की गोठ्यातच येते. चक्कीकडे पाहात नाई. दगड घासत आला, आवाज फाटला, याईले सांगाव लागलं मले. पहिल्यांदा. आधी तेच सांगत.


१९ जानेवारी, सोमवार

काखेत काळी लव आली. का माह्या डोळ्याले दिसून राह्यली. शकुनले दाखवली, ती म्हणे आहे.

सुमनबाईचा डबा आला. ती नाई आली, सून पाठवली. पोट मोठं झालं तिचं. कुत्रा कुठं म्हणे. मी म्हणलं माहेरी.

पण दिवसातून दोनचारदा खाजवतेच. पुढून हवा आली की.


२५ जानेवारी, रविवार

बाईले फोन केला. म्हणे चांगलं आहे. आता उद्यापासून पोळीचा एक तुकडा द्या, कोरडा, फक्त गव्हाचा. आठ दिवस. खाजवलं त गहूही नोको. नाई खाजवलं त मंग पिशवीची गरजच नाई, घरचंच खाईन.

म्हणजे एवढं सारं, मका, मासोळी, वैशूची धावपळ, याईच्या तोंडात माहं बोट, कदाचित कशालेच नव्हतं. का होतं. उद्यापासून आठ दिवसानं समजन. अन् खाजवलं त तुकड्यानं का पुढच्या हवेनं, ते कसं समजन, मी विचारलं. बाई म्हणे, ते सांगणं अवघड आहे मावशी.

डॉक्टर असून अवघड म्हणते.


२६ जानेवारी, सोमवार

सकाळपासून लाईन नाई. शाळेचा लाऊडस्पीकर बंद पडला, पोट्टे तसेच ओरडून राह्यले.

याईले सांगतलं, आज एक तुकडा चालन. एकच. समजलं. सकाळच्या ताटातला शेवटचा तुकडा काढला. गादीखालचा नाई, ताजा. पेपरात ठेवला नाई, मुठीत धरला.

दिला नाई.

दोपारी गेली त तसाच मुठीत. मं. समोर बसून, लाळ जमिनीलोक. कान ताठ, कानामागं सारं भरून आलेलं, काळं, मऊ. हात लावून पाहावं वाटते, लावला नाई, मी धुतली नव्हती. बोळीच्या तोंडाशीच उभी राह्यली.

याईनं हात अर्धा पुढं केला अन् माह्याकडे पाह्यलं. मं. नं पण मान वळवली, माह्याकडे. दोघंही माह्या तोंडाकडे.

हो म्हणायचं होतं. कालच ठरलं होतं. तोंडात आलं नाई.

मागं चक्कीत बल्ब पेटला. लाईन आली. सहा डबे दळाचे आहे, पीठ उडनच.